ओल आणि लाकडी जमीन : एक अभ्यास
(बी. ए. द्वितीय वर्ष)

मराठवाड्यात राहून ओलीवर लेख लिहायचा म्हणजे वाचकांना हसू येण्याची शक्यता आहे. ज्या लातूर शहराला २०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या मुलखात ओल ती कसली, असे कोणीही विचारील. परंतु याच मुलखात २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टी झाली आणि नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात काही गावांत घराघरांतून पाणी शिरले. आमच्याकडचे हवामान असे दोन टोकांचे आहे. मे महिन्यात वाळत घातलेले धोतर तासाभरात खडखडीत होते, आणि श्रावणात तेच धोतर दोन दिवस दोरीवर लोंबत राहते. हा फरक जसा कापडाला कळतो तसा लाकडालाही कळतो. फरक इतकाच की कापड वाळले-भिजले तरी घर हलत नाही; लाकूड वाळले-भिजले की जमीन हलते, दार अडते आणि कधी कधी छतही खाली येते.

प्रस्तुत लेखात माडीची लाकडी तक्तपोशी आणि अलीकडे शहरांत बसविली जाणारी तयार लाकडी फरशी, या दोहोंवर ओलीचा काय परिणाम होतो, कोणत्या लाकडावर किती होतो आणि तो का होतो, याचा विचार करावयाचा आहे. विषय विज्ञान शाखेचा वाटेल, आणि मी तर कला शाखेची विद्यार्थिनी. पण आमचे घराणे सुताराचे. माझे आजोबा, म्हणजे आबा, अहमदपूर तालुक्यातील एका खेड्यात बलुत्यावर औते आणि गाड्या करीत. वडील, म्हणजे अण्णा, नांदेडला मजुरीने सुतारकाम करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. भूगोलाच्या तासाला आर्द्रतेचा पाठ चालू असताना माझ्या ध्यानात आले की, हे सारे आबा वेगळ्या शब्दांत नेहमी सांगत असत. ते दोन्ही एकत्र मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. लाकूड पाणी कसे पिते

ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक धाट ही एक नळी आणि सगळ्या नळ्या एका दिशेने बांधलेल्या. लाकडाची रचना सूक्ष्म प्रमाणात अशीच असते. झाड उभे असताना या नळ्यांच्या पोकळीत पाणी असते, आणि नळ्यांच्या भिंतींतही पाणी मुरलेले असते. झाड तोडल्यावर आधी पोकळीतले पाणी निघून जाते. तोपर्यंत लाकूड हलके होते, पण त्याचा आकार बदलत नाही. पुढे भिंतींतले पाणी जाऊ लागले म्हणजे लाकूड आक्रसू लागते. हा टप्पा साधारणपणे लाकडातील पाणी तीस टक्क्यांवर आले असता सुरू होतो. येथे टक्केवारी म्हणजे पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या वजनाशी पाण्याच्या वजनाचे प्रमाण. लाकडाचा एखादा तुकडा आज ११२ ग्रॅम भरला आणि भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवून १०० ग्रॅम राहिला, तर त्यात १२ टक्के पाणी होते असे समजावे.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की लाकूड सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. हिरव्या लाकडापासून पूर्ण कोरड्या लाकडापर्यंत हजार भागांत एक-दोन भाग, एवढेच. रुंदीत मात्र ते चांगलेच हलते, आणि त्यातही दोन प्रकार आहेत. ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे जी दिशा जाते, त्या दिशेने सागवान अडीच टक्के आक्रसते. वयाची जी वर्तुळे ओंडक्याच्या तोंडावर दिसतात, त्या वर्तुळांच्या दिशेने मात्र ते ५.८ टक्के आक्रसते, म्हणजे दुपटीहूनही अधिक. म्हणूनच एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्यांपैकी एक सरळ राहते आणि दुसरी पन्हळीसारखी वाकते. ओंडका कसा कापला यावर फळीचे नशीब ठरते. आबा फळी घेताना आधी तिचे तोंड पाहत, अंग नंतर पाहत. तोंडावर रेघा उभ्या असल्या तर ती फळी माडीला आणि आडव्या कमानीसारख्या असल्या तर ती फडताळाला, असा त्यांचा नियम होता. त्यांना ५.८ हा आकडा ठाऊक नव्हता. नियम मात्र तोच होता.

२. हवेचा हिशेब

लाकूड एकदा वाळले म्हणजे ते कायमचे वाळले, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. हवेत जितकी आर्द्रता असेल तितके पाणी लाकूड धरून ठेवते. हवा दमट झाली की घेते, कोरडी झाली की सोडते. आपल्याकडच्या तापमानात हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता ५० असेल तर सुमारे ९, ६५ असेल तर १२, ८० असेल तर १६ आणि ९० असेल तर २० टक्के. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण ओल्या व कोरड्या फुग्याचा तापमापक वाचून आर्द्रता काढतो. तोच आकडा घेऊन घरातील लाकडात किती पाणी असेल हे सांगता येते. माझ्या दृष्टीने ही मोठीच गंमत आहे.

एक उदाहरण घेऊ. आठ इंच, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी आहे. उन्हाळ्यात तिच्यात ६ टक्के पाणी आहे आणि पावसाळ्यात ते १६ टक्क्यांवर गेले. एकूण तीस टक्क्यांच्या प्रवासात ती ५.८ टक्के हलते, तर दहा टक्क्यांच्या प्रवासात तिसरा हिस्सा हलेल. हिशेब केला तर एका फळीमागे सुमारे चार मिलिमीटर होतात. अशा पंधरा फळ्या शेजारी शेजारी मांडल्या, तर दहा फूट रुंदीच्या माडीवर सुमारे ५८ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंचांचा फरक पडतो. उभ्या रेघांच्या फळ्या वापरल्या तर हाच फरक एका इंचावर येतो. परदेशात जमिनीसाठी पुष्कळ वापरला जाणारा तांबडा ओक घेतला, तर तो सव्वातीन इंचांच्याही पुढे जातो. प्रत्यक्षात जाड फळी संथपणे पाणी घेते, आणि ती पुरती भरण्याआधीच ऋतू पालटतो. त्यामुळे फरक याहून कमी दिसतो. परंतु तो असतो, आणि भिंतीला घट्ट लागून फळ्या ठोकल्या तर तो कुठे तरी वर उसळतोच.

भारतीय मानकांत या गोष्टीची दखल घेतलेली आहे. आयएस २८७ या मानकात हवेतील आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडून, कोणत्या विभागात कोणत्या कामाच्या लाकडात जास्तीत जास्त किती पाणी चालेल, हे सांगितले आहे. म्हणजे कोकणात चालेल ते लाकूड जसेच्या तसे लातूरला चालेलच असे नाही. दमट बंदरावरून आलेली फळी वखारीतून थेट लातूरच्या घरात मे महिन्यात बसविली, तर ती आक्रसून फटी पडणारच. लाकूड ज्या घरात राहायचे त्या घराच्या हवेत ते आधी काही आठवडे ठेवावे, हा नियम यातूनच निघतो.

३. निरनिराळ्या लाकडांचे स्वभाव

साग : आपल्या भागात सागाचे नाव घेतले की किनवट आणि माहूरची जंगले आठवतात. नांदेड जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला सागाची वने आहेत, आणि जुन्या वाड्यांच्या तुळया पाहताना त्या वनांची आठवण होते. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने भारतीय लाकडांची तुलना करताना सागाला शंभर गुण धरून इतर लाकडांना त्याच्या प्रमाणात गुण दिले आहेत. साग सर्वांत बळकट आहे असे नव्हे. त्याहून कठीण लाकडे पुष्कळ आहेत. पण साग कमी हलतो, आणि त्याच्या गाभ्यात असलेल्या तेलकट द्रव्यांमुळे बुरशी व वाळवी त्याला सहसा लागत नाही. येथे ‘गाभा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरचा पांढरट भाग सागाचा असला तरी त्याला हे संरक्षण नसते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढरा भाग जास्त असतो. त्यामुळे नाव सागाचे, भाव सागाचा आणि टिकाऊपणा मात्र भलताच, असा अनुभव येतो.

लिंब : लिंबाचा कडूपणा किड्यांना आवडत नाही, म्हणून दारे-चौकटी, कड्या यांसाठी तो खेडोपाडी वापरला गेला. तो सागापेक्षा अधिक हलतो. नीट वाळविल्याशिवाय फळी केली तर ती पिळवटते.

बाभूळ : ही आमच्या शेतकऱ्याची खरी सोबतीण. औत, गाडी, जू ही सारी तिच्यावर चालली. ती जड आणि कठीण आहे. पण ओली बाभूळ घाईने उन्हात वाळविली तर तडकते, आणि तिच्या बाहेरच्या भागात किडा लागून भुगा पडतो. म्हणून आबा बाभळीचे ओंडके ओढ्याच्या डोहात काही महिने बुडवून ठेवीत. ओलीपासून वाचविण्यासाठी लाकूड पाण्यातच बुडवायचे, हे मला लहानपणी कोडे वाटे. त्याचे कारण असे की पाण्यात लाकडातला रस व पिष्ट धुऊन जाते आणि किड्याला खायला काही उरत नाही. बांबूच्या बाबतीतही हीच रीत आहे.

आंबा : स्वस्त, लवकर मिळणारा आणि कापायला सोपा. खोकी, पाट, तात्पुरत्या फळ्या यांसाठी तो ठीक आहे. ओलीत मात्र आंबा टिकत नाही. प्रथम निळसर-काळे डाग पडतात, मग तो मऊ पडतो.

आमच्या गावच्या घरी माडीला आबांनी स्वतः बसविलेल्या सागाच्या बारा फळ्या होत्या. पुढे एका बाजूच्या तीन फळ्या बदलाव्या लागल्या, तेव्हा हातात पैसे नसल्याने आंब्याच्या घातल्या. पुष्कळ वर्षे दोन्ही नीट चालल्या. मग एका लग्नाच्या वेळी माडी चांगली दिसावी म्हणून वरून व्हिनाइलचा पट्टा अंथरला आणि तो तसाच राहिला. खाली कोठीची खोली. तिला खिडकी नाही. छपराचे थोडे पाणी भिंतीवरून उतरून पट्ट्याखाली जाई. दोन पावसाळे गेले आणि एके दिवशी माझ्या धाकट्या भावाचा पाय फळीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. दैवाने हाड वाचले. पट्टा काढून पाहिले तर आंब्याच्या तिन्ही फळ्या हाताने चुरता येत होत्या. सागाच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. अण्णांनी त्यांवर रंधा फिरविला तेव्हा आत लाकूड पिवळे-तपकिरी आणि शाबूत निघाले. एकच छत, एकच पाणी, एकच काळ. फक्त लाकूड निराळे. परंतु यातून सागाची स्तुती एवढाच अर्थ काढू नये. तेच आंब्याचे लाकूड पट्टा नसताना इतकी वर्षे टिकले होते, हेही ध्यानात घ्यावे.

४. लाकूड कुजते केव्हा

लाकूड पाण्याने कुजते, असे आपण म्हणतो. शास्त्र सांगते की लाकूड बुरशीने कुजते. बुरशीला चार गोष्टी लागतात : अन्न, ऊब, हवा आणि ओल. अन्न म्हणजे लाकूडच. ऊब आपल्याकडे भरपूर. उरल्या हवा आणि ओल. लाकडात पाणी वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढू शकत नाही. म्हणून कोरड्या वाड्यातील तुळई पिढ्यानुपिढ्या टिकते. उलट, लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर हवा मिळत नाही, म्हणूनही बुरशी वाढत नाही. जांभळाचे लाकूड विहिरीच्या कामाला वापरीत ते याच अनुभवावर. धोका आहे तो मधल्या अवस्थेत, जेथे ओलही आहे आणि हवाही आहे. जमिनीत पुरलेला कुंपणाचा खांब काढून पाहा. वरचा भाग ठीक असतो, खोल पुरलेला भागही बराच ठीक असतो, आणि मातीच्या रेषेवर मात्र तो बारीक झालेला असतो. जुने सुतार खांब जमिनीत पुरीत नसत, दगडी तळखड्यावर उभा करीत. जमिनीची ओल खांबात चढू नये एवढाच तळखड्याचा उपयोग; पण त्यानेच खांबाचे आयुष्य कितीतरी वाढे.

मराठवाड्यातील लाकडी जमिनीचा विचार माळवदावाचून पुरा होऊ शकत नाही. माळवद हे खालच्या खोलीचे छत आणि वरच्या माणसाची जमीन असते. उन्हाळ्यात त्यावर झोपायचे, कुरडया-पापड वाळवायचे, मिरच्या पसरायच्या. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचं, त्यावर पाला-गवत आणि सर्वांत वर पांढरी माती चोपलेली. पांढरी माती पाऊस वरच्यावर अडविते, थोडा पिते आणि ऊन पडताच परत देते. खालून लाकूड खोलीच्या हवेला उघडे असते. शिवाय चुलीच्या धुराने ते काळे व कोरडे राही आणि किडा दूर राही. गॅस आल्यावर धूर गेला. आईच्या डोळ्यांची आग थांबली, त्यामुळे तो धूर परत यावा असे मी मुळीच म्हणणार नाही. पण धुराचे काम आता खिडकीने आणि झरोक्याने करावयास हवे, हे विसरता कामा नये.

माळवदाचा दोषही सांगितला पाहिजे. दर वर्षी मृगाआधी नवी माती पडे, जुनी क्वचितच निघे. जाडी वाढत गेली. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खणावर एक फूट माती असेल, तर घनमीटरला १.६ टन धरून तिचे वजन सुमारे साडेचार टन होते. दोन फूट असेल तर नऊ टन. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि ही जड छते यांखाली माणसे सापडली. आमच्या पिढीने तो भूकंप पाहिलेला नाही. पण लातूरकडच्या कोणत्याही घरात तो अजून बोलला जातो. त्यानंतर लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला, आणि त्यात नवल नाही.

तथापि एक गोष्ट अभियंत्यांच्या पाहणीत नोंदली गेली. जेथे छताचे वजन भिंतींवर न टाकता लाकडी खांबांच्या सांगाड्यावर पेललेले होते, तेथे भिंती पडूनही पुष्कळ ठिकाणी तो सांगाडा उभा राहिला. याचा अर्थ दोष लाकडाचा नव्हता. पण सांगाडा उभा राहण्यासाठी खांबाचा पाय आणि तुळईचे टोक शाबूत हवे. तुळईचे टोक मातीच्या भिंतीत बुजविलेले असते. ओल तेथे सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत कमी. वरून पाहणाऱ्याला तुळई धडधाकट दिसते आणि भिंतीत ती पोखरलेली असते. आज ज्या खेड्यांत जुनी माळवदे उरली आहेत, तेथे राहणाऱ्यांनी दर वर्षी माती टाकण्याआधी जुनी माती उतरवावी, आणि तुळईच्या टोकाशी सुरी टोचून पाहावी. सुरी सहज आत गेली तर ते घर झोपण्याजोगे नाही. हा सल्ला देण्यास महाविद्यालयीन शिक्षण लागत नाही. पण तो कोणी तरी लिहून ठेवला पाहिजे.

अलीकडे माळवदावर सिमेंटचा थर देण्याची रीत पडली आहे. सिमेंट लाकडाबरोबर हलत नाही, म्हणून त्याला चिरा जातात. चिरेतून पाणी आत जाते आणि वाळायला वाट राहत नाही. आबा म्हणत, “लाकूड तोडलं तरी श्वास घेतंय, त्याचं नाकतोंड दाबायचं नसतं.” याहून नेमका नियम मला कोणत्या पुस्तकात अद्याप मिळालेला नाही. एक बाजू बंद करायची असेल तर दुसरी उघडी ठेवावी, एवढाच त्याचा अर्थ.

५. शहरातील तयार फरश्या

नांदेड-लातूरच्या नव्या घरांतून आता लाकडी फरशी दिसू लागली आहे. तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला, अखंड लाकडाची फरशी. तिला वर सांगितलेले सर्व नियम लागू आहेत. दुसरा, थरांची फरशी. हिच्यात वर चांगल्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवुडसारखे एकमेकांवर आडवे-उभे चिकटविलेले थर असतात. लाकूड लांबीत हलत नाही, या गुणाचा येथे उपयोग केलेला आहे. एका थराची रुंदी हलू लागली की वरचा-खालचा थर आपल्या लांबीने तिला धरून ठेवतो. त्यामुळे ही फरशी अखंड फळीपेक्षा पुष्कळ कमी हलते. मात्र तिचा प्राण चिकट द्रव्यात असतो. प्लायवुड घेताना आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराचे आणि आयएस ७१० हे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवुडचे मानक, हे दोन आकडे लक्षात ठेवावे.

तिसरा प्रकार लॅमिनेटचा. ही पाहायला लाकूड, पण मुळात लाकडाचा बारीक भुसा-तंतू दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा पाटा, आणि त्यावर लाकडाच्या रेघांचे छापील चित्र. वरचा थर पाण्याला दाद देत नाही. पाणी शिरते ते सांध्यांतून आणि कडांतून. दाबलेले तंतू एकदा फुगले की पुन्हा दबत नाहीत. सागाची वाकलेली फळी वाळल्यावर पुष्कळदा सरळ होते. लॅमिनेटची फुगलेली कड कधीच बसत नाही. हा या दोघांमधला मूळ फरक आहे.

या फरकाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. एका उन्हाळ्यात अण्णांना नांदेडमधील एका नव्या घरात तळमजल्यावर लॅमिनेट बसविण्याचे काम मिळाले. खालचे सिमेंट टाकून वीस-बावीस दिवस झाले होते. अण्णांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, “मालक, जमीन अजून गार लागायलीय. महिनाभर थांबलं तर बरं.” वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती. ठेकेदार म्हणाला, सिमेंट दिसते तर कोरडे. दुकानाचा माणूस म्हणाला, भिंतीशी फट ठेवू नका, वाईट दिसते. खाली प्लास्टिकचा कागदही घातला गेला नाही, कारण तो हिशेबात धरलेला नव्हता. श्रावणात फरशी मध्यभागी उचलली गेली, कडा फुगल्या. मग ठेकेदार, दुकानदार आणि मालक अशा तिघांनीही बोट सुताराकडे केले, आणि अण्णांची उरलेली मजुरी अडकली ती अडकलीच. माझ्या त्या वर्षीच्या फीचे पैसे त्यातून यायचे होते.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. अण्णांचे म्हणणे बरोबर होते. नव्या सिमेंटला जाडीच्या दर इंचामागे साधारण एक महिना वाळायला लागतो, असा बांधकामातला ठोकळ नियम आहे. परंतु ‘गार लागते’ हा पुरावा कोणी मानला नाही. पुरावा कसा द्यायचा याची अगदी साधी रीत आहे. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर अंथरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि सोळा तास तसाच ठेवावा. सकाळी उचलून पाहता खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा सिमेंट काळसर पडलेले दिसले, तर जमीन ओली आहे. हा प्रयोग मालकाच्या डोळ्यांदेखत केला असता, तर वाद उरलाच नसता. आता अण्णा प्रत्येक कामाआधी तो करतात आणि मालकालाच प्लास्टिक उचलायला सांगतात.

६. थोडक्यात काय करावे

लाकडी जमीन करू इच्छिणाऱ्यांनी आणि जुनी सांभाळणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

लाकूड घरात आणून त्या घराच्या हवेत राहू द्यावे, मगच बसवावे. भिंतीशी लाकडाला हलायला जागा ठेवावी. तयार फरशीला आठ-दहा मिलिमीटरची फट पुरते आणि ती भिंतीलगतच्या पट्टीखाली झाकली जाते. तळमजल्यावर सिमेंट आणि फरशी यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालावाच. जुन्या माडीवर व्हिनाइल, रबर असे हवा कोंडणारे आच्छादन घालू नये. सतरंजी किंवा चटई घालावी, कारण ती उचलता येते. पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या तर लगेच रंधा मारू नये. खालची बाजू जास्त भिजल्यामुळे तसे होते. त्या अवस्थेत कडा तासल्या तर वाळल्यावर फळी मध्ये फुगीर दिसते. आधी ओल कोठून येते ते शोधून बंद करावे, उन्हाळा जाऊ द्यावा, आणि मग गरज उरली तर रंधा घ्यावा. न्हाणी आणि मोरीच्या शेजारी लॅमिनेट बसवू नये.

ज्यांना आवड असेल त्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. साग, लिंब आणि आंबा यांचे सारख्या मापाचे तीन तुकडे घेऊन दर महिन्याच्या एका ठराविक दिवशी सोनाराच्या काट्यावर त्यांचे वजन करावे, रुंदी मोजावी आणि त्याच दिवसाची आर्द्रता वहीत लिहावी. वर्षाअखेरीस आलेख काढला तर आपल्या गावची हवा आणि आपल्या घरचे लाकूड यांचे नाते डोळ्यांना दिसेल. भूगोल विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प म्हणूनही करता येईल.

शेवटी एक विचार मांडून हा लेख संपविते. सुताराला लाकडाची ओल बोटाने कळते, पण त्याचे बोट कोणी साक्षीला घेत नाही. पुस्तकाला आकडा ठाऊक असतो, पण पुस्तक ओल्या सिमेंटला हात लावून पाहत नाही. आमच्यासारखी मुले, जी पहिल्यांदाच महाविद्यालयात आली आहेत, ती या दोघांच्या मध्ये उभी आहेत. घरी जे हाताने केले जाते ते मोजून, नाव देऊन, मराठीत लिहून ठेवणे हे काम आमच्याइतके दुसऱ्या कोणाला सोपे नाही. सुताराच्या मुलीने लाकडावर लिहिले. तसे कुंभाराच्या मुलाने मातीवर, लोहाराच्या मुलाने पोलादाच्या पाण्यावर आणि कोष्ट्याच्या मुलीने सुतावर लिहावे. पुढच्या वर्षीच्या अंकात असे लेख वाचायला मिळतील अशी मला आशा आहे.